सहा टाक्या, एक फिल्टर: लाइट गेली तरी फरशी कोरडी राहील अशी जोडणी

सांगलीत वळवाचा पाऊस येतो तो आधी लाइट घेऊन जातो. मे महिन्यातल्या अशाच एका संध्याकाळी मी मिरजेहून घरी पोचलो, तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या. "अहो, आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी गळतंय. आणि त्याला वास येतोय माशांचा."

माझी पहिली सेंट्रल फिल्टर सिस्टीम (माशांच्या सगळ्या टाक्यांचं पाणी खाली एकाच जागी गाळायचं आणि मोटरने परत वर चढवायचं, अशी जोडणी) तेव्हा दोन महिन्यांची होती. टाक्या काचेसारख्या स्वच्छ, मासे मजेत, मोटर झकास. खालचा संप (साठवण टाकी म्हणतोय, एसटीचा नव्हे) मी काठोकाठ भरून ठेवला होता. जास्त पाणी म्हणजे जास्त गाळण, असं डोक्यात होतं. लाइट गेली, मोटर थांबली, वरच्या टाक्यांतलं आणि पाइपातलं पाणी नियमाप्रमाणे खाली आलं. त्याला बसायला जागा नव्हती, म्हणून ते काकूंकडे गेलं.

तेव्हापासून कुणी नवीन माणूस विचारायला आला, की मोटर कुठली घेऊ, मीडिया (फिल्टरमध्ये भरायचा माल) कुठला टाकू, हे प्रश्न मी बाजूला ठेवतो. आधी एवढंच सांगा, म्हणतो, आत्ता लाइट गेली तर कुठलं पाणी कुठे जाईल? हे कागदावर सांगता आलं की बाकीचं काम प्लंबिंगचं उरतं.

आधी, खरंच लागतं का हे

तीन टाक्यांपर्यंत माझं उत्तर नाही. प्रत्येक टाकीत एक स्पंज फिल्टर, सगळ्यांना मिळून एक चांगला एअर पंप, विषय संपला. गप्पी-मोलीची पिल्लं काढणाऱ्यांनी तर सहा टाक्यांनाही स्पंजच वापरावा, कारण पिल्लू त्यात ओढलं जात नाही. विजेची बचत होते म्हणून सेंट्रल फिल्टर करणार असाल तर तेही सोडा. 60 वॉटची मोटर दिवसरात्र चालली की महिन्याला 43 युनिट जातात. सहा छोट्या पॉवर फिल्टरांचं बिल साधारण तेवढंच येतं, आणि एअर पंपाचं त्याहून कितीतरी कमी.

मग फायदा कशात? पाणी बदलायचं ते एका जागी, हीटर लावायचा तो एका जागी, घाण साठणार ती एका जागी. सगळ्या टाक्यांचं पाणी मिळून एकच मोठा साठा होतो, त्यामुळे एखाद्या टाकीत मासा मेला, खाणं जास्त पडलं, तरी पाणी एकदम बिघडत नाही.

तोटाही त्याच कारणाने. एका टाकीतला रोग सगळ्या टाक्यांत पोचतो. आणि सगळ्या माशांना एकच तापमान, एकच पाणी. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, डिस्कसला 28 ते 30 अंश लागतात. या दोघांचा संसार एका संपावर होत नाही. बोअरचं पाणी वापरणार असाल (गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर ते जड आहेच), तर मोली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल यांच्यासारखे मासे निवडा. जड पाण्यात ते खुशाल राहतात.

जागा आणि वजन

उदाहरणाला माझीच मांडणी घेतो. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच अशा सहा टाक्या. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, म्हणजे एका टाकीत साधारण 57 लिटर आणि सहांत मिळून 340. पाणी लिटरला एक किलो. 5 मिमी काचेची अशी टाकी रिकामी 9 किलोच्या आसपास भरते. संपातलं पाणी, काच, खडी आणि लोखंड धरलं तर हिशेब अर्ध्या टनाच्या वर जातो.

म्हणून हे तळमजल्यावर ठेवावं, असं कुठेही वाचाल. गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत, राहणाऱ्याला हा सल्ला मी देणार नाही. 2005, 2019, 2021 चे महापूर ज्यांनी पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको. वरच्या मजल्यावर ठेवा, पण भिंतीला लागून आणि बीमवर. गॅलरीत आणि खोलीच्या मधोमध नको. जुन्या माळवदी घरात तर हा नादच नको.

स्टँड फॅब्रिकेटरकडून दीड इंची, 5 मिमी जाडीच्या अँगलचा करून घ्या. खाली संप, दोन फुटांवर पहिला कप्पा, चार फुटांवर दुसरा. प्रत्येक कप्प्यावर तीन टाक्या आडव्या न ठेवता उभ्या ठेवा, म्हणजे अरुंद बाजू समोर. तीन-सव्वातीन फूट रुंदीत काम बसतं. रेड ऑक्साइड आणि वरून ऑइल पेंट मारायला कंटाळा करू नका. वर वॉटरप्रूफ प्लाय आणि टाकीखाली थर्माकोल. पाय समपातळीत आहेत ना, हे गवंड्याच्या लेव्हलने बघून घ्या. स्टँड अर्धा इंच जरी कलला तरी पुढे पाण्याची पातळी जुळवताना वैताग येतो.

भोकं पाडणं

आधी टँक निपल (टाकीतलं पाणी बाहेर न्यायला भोकात बसवायचा जोड) आणा, मग भोक. उलटं केलंत तर निपल बसत नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीला लावतात तेच रबर वायसरचं एक इंची निपल चालतं. प्रत्येक टाकीच्या मागच्या, म्हणजे अरुंद काचेला वरच्या बाजूला दोन भोकं हवीत. दुसरं कशाला, ते पुढे येईल.

काचवाल्याकडून पाडून घेतलीत तर उत्तम. स्वतः पाडणार असाल तर डायमंड कोटिंगचं होल सॉ लागतं. टाकी आडवी ठेवायची, जिथे भोक पाडायचं तिथे कणकेची गोल पाळ करायची, अगदी पुरणपोळीच्या पारीसारखी, आणि आत पाणी भरायचं. काच तापली की तडकते, म्हणून ते पाणी. ड्रिल हळू फिरवायचं आणि वरून दाबायचं नाही. सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं. मग पाणी दुधासारखं पांढरं होतं. ती काचेची पूड, म्हणजे काम चाललंय. शेवटच्या मिनिटाला हात आणखी हलका करायचा. काठापासून किमान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा. टफन्ड काचेला मात्र ड्रिल लावायचंच नाही, तिचा एका क्षणात चुरा होतो.

निपलला आतल्या बाजूने एक एल्बो लावा, तोंड वर करून. याला पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायचं नाही, नुसता दाबून बसवायचा. एल्बो थोडा फिरवला की त्याचं तोंड खाली-वर होतं आणि टाकीतली पाण्याची पातळी तुमच्या हातात येते. तोंडावर जाळी बसवा. जाळी नसेल तर गप्पीची पिल्लं संपात उतरतात. माझ्या घरातली सगळ्यात देखणी गप्पी संपातच, कुणी न बघता वाढली, पण हा काही मार्ग नव्हे.

खाली येणारं पाणी

माझे दाजी तासगावकडचे द्राक्षवाले. पाइप आणि ठिबक यात त्यांचं आयुष्य गेलं. पहिली जोडणी बघून ते म्हणाले, "पावणं, मोटर दांडगी घेतलीसा, पण पाणी परत यायला वाट केवढी ठेवलीसा?" मी अर्धा इंची ड्रेन ठेवले होते. वर चढणाऱ्या पाण्याच्या मागे मोटरचा जोर असतो, खाली येणाऱ्याच्या मागे फक्त उतार. म्हणून वर जाणारा पाइप बारीक चालतो, खाली येणारा चालत नाही.

प्रत्येक टाकीचा ड्रेन एक इंची, आणि ते सगळे एका दोन इंची मेन पाइपात सोडा. आडव्या मेनला चार फुटांना किमान एक इंच ढाळ द्या. मेनचं वरचं तोंड उघडं ठेवा, बूच लावू नका. हवा कोंडली की पाणी थांबून थांबून, घशात अडकल्यासारखा आवाज करत उतरतं आणि रात्री झोप लागत नाही. मेनचं खालचं टोक संपातल्या पाण्याखाली इंचभर बुडलेलं असू द्या, शिडकावा होत नाही.

आता ते दुसरं भोक. समजा एका टाकीच्या जाळीवर गोगलगाय बसली. माझ्याकडे बसली होती, अॅपल स्नेल, लिंबाएवढी. ड्रेन बंद, वरून पाणी चालूच. बाकीच्या पाच टाक्यांचं पाणी परत येत राहतं, पण तुंबलेल्या टाकीत जाणारं परत येत नाही. हळूहळू संपातल्या मोटरच्या कप्प्यातलं सगळं पाणी त्या एका टाकीत जमा होतं. माझ्या कप्प्यात असं 17 लिटर पाणी निघतं. टाकीत वर एक इंच जागा रिकामी असली तर तिथे पावणेपाच लिटर मावतं. उरलेलं बारा लिटर फरशीवर. त्यावर उपाय म्हणजे पहिल्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच उंचावर दुसरा ड्रेन, ज्यातून एरवी एक थेंबही जात नाही. त्याचा पाइप मेनला जोडू नका, वेगळा थेट संपात सोडा. त्यातून पाणी पडल्याचा आवाज आला की समजायचं, कुठली तरी जाळी तुंबली.

संप

माझा संप 3 फूट लांब, 15 इंच रुंद, 15 इंच उंच. आत काचेच्या आडभिंती सिलिकॉनने चिकटवलेल्या. सिलिकॉन अॅक्वेरियमचंच घ्या, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. चिकटवून झाल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका.

पहिल्या कप्प्यात मेन पाइप उतरतो. तिथे जाड स्पंज आणि त्यावर फिल्टर वूल, घाण अडवायला. मधल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात सिरॅमिक रिंग किंवा लाव्हा रॉक. शेवटच्या कप्प्यात मोटर आणि हीटर. मधल्या आणि शेवटच्या कप्प्याच्या मध्ये बुडबुडे अडवायला इंचभर अंतराने दोन-तीन काचा: एकीच्या खालून पाणी, दुसरीच्या वरून.

आडभिंतींची उंची 9 इंच. म्हणजे चालू असताना संपात साधारण 80 लिटर पाणी. आता काकूंचा हिशेब. मोटर थांबली की प्रत्येक टाकीतलं पाणी एल्बोच्या तोंडापर्यंत उतरतं. हा फरक जास्तीत जास्त एक इंच धरा. 2 फूट गुणिले 1 फूट गुणिले एक इंच म्हणजे पावणेपाच लिटर, सहांचे 28. पाइपातलं चार लिटर धरा. झाले 32. संपात 9 इंचांपासून 14 इंचांपर्यंत 44 लिटर मावतात. बारा लिटर शिल्लक. तुमची मापं वेगळी असतील, गणित हेच. संपाच्या बाहेरून मार्करने एक रेघ मारा आणि लिहा, "चालू असताना याच्या वर पाणी नाही." मी रेघ मारली ती काकूंनंतर.

एक लक्षात घ्या, बाष्पीभवनाने पाणी कमी होतं ते फक्त मोटरच्या कप्प्यात दिसतं. उन्हाळ्यात तो कप्पा दोन-तीन दिवसांत उतरतो आणि मोटर हवा ओढायला लागते. गच्चीवरच्या टाकीला लावतात तसला फ्लोट स्विच इथे लावलात तर मोटर कोरडी चालून जळत नाही.

मोटर आणि वर जाणारं पाणी

तासाला टाक्यांतल्या एकूण पाण्याच्या पाचपट फिरलं पाहिजे, हा साधा ठोकताळा. 340 ला 5 ने गुणलं की 1700 लिटर. पण खोक्यावर 1700 लिहिलेली मोटर आणू नका. तो आकडा शून्य उंचीचा असतो. संपातल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या नळीपर्यंत माझ्याकडे साडेचार फूट चढ आहे. 3 मीटर कमाल उंची असलेली मोटर एवढ्या चढावर जेमतेम अर्धं पाणी देते. म्हणून 3500 लिटरची. जास्त वाटलं तर वर जाणाऱ्या मेनवरून एक फाटा काढून कॉक लावा आणि उरलेलं पाणी संपातच परत सोडा.

हा वर जाणारा मेन एक इंची पीव्हीसी, मोटरपाशी एक युनियन (खोलता येणारा जोड). युनियन विसरलात तर मोटर धुवायला पाइप कापावा लागेल. मेनपासून प्रत्येक टाकीला फाटे काढायला मी दाजींचं साहित्य वापरलं: 16 मिमीची ठिबकची काळी नळी, मेनमध्ये ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं), त्यात टेक-ऑफ (नळी अडकवायचं तोंड), आणि प्रत्येक फाट्याला एक छोटा कॉक. आपल्या जिल्ह्यात ठिबकचं दुकान सापडत नाही असं गाव नसेल. अॅक्वेरियमच्या दुकानातल्या वस्तूंपेक्षा हे स्वस्त पडतं, आणि उन्हात वर्षानुवर्षं टिकणारी नळी घरात काय खराब होणार?

नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या इंचभर वर ठेवा. बुडवून ठेवलंत तर लाइट गेल्यावर तीच नळी सायफन होऊन टाकीतलं पाणी उलटं ओढते आणि वरचा सगळा हिशेब चुकतो. कुणी म्हणतं, नळीला पाण्याच्या पातळीवर बारीक भोक पाडा, हवा शिरून सायफन तुटतो. खरं आहे, पण ते भोक शेवाळाने बुजतं. कुणी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावतं. तो माशांच्या घाणीने अडकतो. पाण्याची धार वरून पडू द्या, आवाज थोडा होतो, हवाही मिसळते.

कॉक जुळवायला एक लिटरचं माप घ्या आणि मोबाइलचं घड्याळ. प्रत्येक टाकीला तासाला 280 लिटर हवेत, म्हणजे तेरा सेकंदांत माप भरलं पाहिजे. खालच्या कप्प्यातल्या टाक्यांना आधी नेहमी जास्त पाणी मिळतं, त्यांचे कॉक दाबा, वरच्यांचे सोडा. एक जुळवला की दुसरा बिघडतो. दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात.

विजेचं थोडक्यात. बोर्ड संपाच्या वर, बाजूला, कधीही खाली नाही. वायर बोर्डापर्यंत सरळ न नेता खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलातून टपकतं, प्लगात जात नाही. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेलाच हवा. पाण्यात हात घालण्याआधी मोटर आणि हीटर बंद.

मासे सोडण्याआधी

साधं पाणी भरा, सुरू करा, पातळी स्थिरावू द्या. संपावर खूण करा. आता मोटरचं बटण बंद करा आणि खुर्ची घेऊन समोर बसा. दहा मिनिटं. पाणी 14 इंचांच्या आत थांबलं का? पुन्हा सुरू करा. वर पाणी भरेपर्यंत मोटरचा कप्पा कोरडा पडतो का? मग एका टाकीचा ड्रेन हाताने दाबून धरा आणि दुसऱ्या ड्रेनमधून पाणी जातंय का बघा. असं सहाही टाक्यांचं. हे सगळं दोन-तीन वेळा, आणि एकदा रात्रभर बंद ठेवून.

यानंतर मासे नव्हे, वाट बघणं. माशांच्या विष्ठेतून आणि सडलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते नायट्राइटसुद्धा विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू त्या सिरॅमिक रिंगांवर वस्ती करतात, आणि वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुणा ओळखीच्याच्या निरोगी टाकीतला मळका स्पंज आणून आपल्या संपात पिळलात तर काम लवकर होतं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हा पहिले चार-पाच मासे. सहा टाक्या एकदम भरू नका.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते या जिवाणूंनाही मारतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की नळाला ब्लीचिंगचा वास वाढतो, तेव्हा जास्त जपा. पाणी बादलीत 24 तास उघडं ठेवा किंवा हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) घाला, पाकिटावरच्या मापाने.

आठवड्याला फिल्टर वूल आणि स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नव्हे. रिंगांना हात लावायचा नाही. पाणी वीस टक्के बदला, जुनं पाणी कुंड्यांना घाला. आमचा कढीपत्ता त्यावरच माजलाय.

नवीन मासा थेट सिस्टीममध्ये नाही, कितीही छान दिसला तरी. सातवी टाकी वेगळी, तिला स्वतःचा स्पंज, स्वतःची जाळी, स्वतःची बादली. तीन-चार आठवडे तिथे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर आला की सहाही टाक्या जातात. औषधही त्या वेगळ्या टाकीतच द्या. मिथिलीन ब्लू संपात ओतलंत तर रिंगांवरची वस्ती संपली, पुन्हा सहा आठवडे. यूव्ही दिवा लावता येतो, वाहत्या पाण्यातले जंतू तो मारतो, पण माशाच्या अंगावर बसलेले नाही.

उन्हाळ्यात बाहेर चाळीस झालं की संपावर एक छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. थंडीसाठी एक मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या. एक बिघडून चालू राहिला तरी मासे शिजत नाहीत.

लाइट तासाभरात आली तर काही करायचं नाही. त्याहून जास्त वेळ गेली तर रिंगांवरच्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळेनासा होतो. म्हणून मोटर इन्व्हर्टरवर घ्या. साधा, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर मोटर गुणगुणते आणि तापते, प्युअर साइन वेव्हचा बरा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप संपात सोडा.

आणि स्विचबोर्डशेजारी घरच्यांसाठी एक कागद चिकटवा. तुम्ही घरी नसताना लाइट जाणारच आहे. माझ्या कागदावर तीन ओळी होत्या: संपातलं पाणी रेघेच्या वर गेलं तरी घाबरू नये, लाइट आल्यावर मोटर सुरू झाली का बघावं, वरच्या पाइपातून आवाज आला तर मला फोन करावा. चौथी ओळ आईने स्वतःच्या अक्षरात खाली लिहिली आहे, "मोटरची पिन काढून कुणी मोबाइल लावू नये." कुणी लावला होता ते तिने लिहिलेलं नाही.